गाडी शहागडला जाते का?

आमच्या साडूंनी जुनी मेटॅडोर घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. परदेशातले लोक जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये संसार मांडून हिंडतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. मेटॅडोर त्या व्हॅनच्या नात्यातलीच, असं त्यांचं म्हणणं. ही अगदीच थाप नव्हे. जर्मनीतल्या टेंपो कंपनीने १९४९ साली पहिली मेटॅडोर काढली तेव्हा तिला इंजिन फोक्सवॅगनचंच होतं. १९५२ मध्ये फोक्सवॅगनने ते देणं थांबवलं. पुण्याच्या बजाज टेंपोने १९६९ पासून काढलेल्या आपल्या मेटॅडोरकडे टेंपोच्या त्या घराण्याचं नाव आलं. म्हणजे नातं आहे, पण लग्नपत्रिकेत छापण्याइतकं नाही.

आतलं काम जालन्यात केलं. जालना सळयांचं गाव, तिथल्या मिस्त्र्यांना लोखंडाची माया. फोल्डिंग पलंग सांगितला होता, मिस्त्रीने जाड अँगलचा ठोकला. "दाजी, हत्ती झोपला तरी हलायचा न्हाई." खरंय, आम्ही ओढला तरी हलत नाही.

साडूंना गाडीला 'विंटेज' म्हणवून घ्यायचा फार सोस. पण केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या पुढची हवी, मूळ रूपात हवी, आणि इतकं करून ती रोज चालवायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला काढायची. आमच्यात पन्नाशीपुढचे फक्त साडूच, आणि त्यांचेही दात मूळचे नाहीत.

पहिला मुक्काम अंबडला, मत्स्योदरीच्या पायथ्याशी. टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवी मत्स्योदरी. पायथ्यापासून मासा ओळखू यायला श्रद्धा लागते. गाव एके काळी होळकरांकडे होतं; दर्शन उरकून बारव पाहायची, मग एकांतात चहा घ्यायचा, असा बेत. साडूंनी बाजूचं दार सरकवलं, स्टोव्ह पेटवला.

अंबडात सरकवलेलं दार म्हणजे निघालेली गाडी. एका आजीने आधी पिशवी आत ठेवली, मग विचारलं, "शहागडला जाती ना?"

"आजी, ही राहायची गाडी आहे."

"मंग ऱ्हा की तुम्ही. आम्हाला शहागडला उतरायचंय."

मागून धोतरवाले एक बाबा आले. पलंग आणि बेसिन पाहून त्यांनी बाही वर केली आणि सरळ आडवे झाले. "डॉक्टर कधी येतेत?" एका पोराने कोणत्या पक्षाची गाडी, भोंगा कुठाय, असं विचारून घेतलं. मोसंबीवाल्याने दोन कॅरेट बेसिनखाली सरकवले. आम्ही पडदा ओढला, तर आत कोण अत्यवस्थ आहे म्हणून गर्दी दुप्पट झाली.

परदेशात माणसांपासून लांब जायला असली गाडी घेतात. मराठवाड्यात माणसं जमवायची असतील तर हिच्याइतका स्वस्त उपाय नाही. सभेवाल्यांनी नोंद घ्यावी.

चहा सगळ्यांनी मिळून संपवला. बाबांना उठवणं जिवावर आलं, म्हणून तेही निघाले. हत्ती सोडाच, सहा माणसं आणि दोन कॅरेट घेऊन पलंग हलला नाही. शहागडला आजी वीस रुपये देऊ लागल्या. साडूंनी हात जोडले. आजींनी नोट परत कनवटीला लावली.

"उद्याची गाडी किती वाजता?"

"नऊला," साडू म्हणाले.

बाबा उतरलेच नाहीत. त्यांचं बीपी राहिलं होतं.