मुलाखत देणारे तात्या

करोल बागेत, बीडनपुऱ्याच्या एखाद्या अरुंद जिन्यात तेजाबाचा वास नाकात शिरला की समजावं, वर तात्या आहेत. पाळण्यातलं नाव काही असो, विट्याकडचा मुरलेला गलाईवाला म्हणजे तात्याच. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगवलेल्या माणसांपैकी हे एक. साहजिकच दिल्लीत ‘स्थलांतर’ या विषयावर पीएच.डी. करणाऱ्या मराठी पोरापोरींना तात्या लागतात, आणि आता तात्यांनाही ती लागतात.

मुलगी संमतीपत्र पुढे करते. वाटेल तेव्हा, कारण न देता मुलाखत थांबवता येईल, असं एक कलम त्यात असतं. तात्या चष्मा लावून तेवढंच वाचतात आणि लगेच अमलात आणतात. फोन येतो, कारागीर मूस घेऊन येतो, चहा येतो. मुलीच्या मांडीवरची प्रश्नावली तशीच.

“गाव कुठलं म्हणालीस?”

“कोरेगाव, काका.”

“कोरेगावात कुणाची?”

मग मामाचं गाव, आत्याचं सासर. पाच मिनिटांत जात, जमीन आणि सोयरीक तात्यांच्या खिशात. तिकडे हीच माहिती आडून आडून काढायला मुलीनं दोन पानं प्रश्न लिहून आणलेले.

“आन् फेलोशिप?”

“सदतीस हजार.”

“घरभाड्यासकट?”

“नाही, ते वेगळं.”

रेकॉर्डर चालूच असतो. खोलीवर गेल्यावर तिच्या ध्यानात येतं की निम्मी मुलाखत आपलीच झाली.

मुलाखतीला गप्पा समजू नका, असं डेन्मार्कात शिकवणाऱ्या स्टायनर क्वाले यांनी 2006 साली बजावलं होतं. विषय कोण ठरवतो, विचारतो कोण, अर्थ कोण लावतो? सगळं मुलाखत घेणाराच. मात्र समोरचाही बगल देतो, उलट विचारतो, हेही त्यांनी नोंदवलंय. ते बीडनपुऱ्यात आले असते, तर हा भाग बराच वाढला असता.

तात्यांची खरी कमाल पुढे आहे. पाहुणीला काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुष्काळ, पत्र्याची ट्रंक, भट्टीशेजारची झोप, पहिल्या थंडीत आईची आठवण. हे सगळं खरंच घडलेलं. पण सांगून सांगून इतकं घासूनपुसून निघालंय की हुंदका कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं. मुलगी भराभरा लिहून घेते. मग ती हळूच विचारते, “रोज साधारण किती माल गाळता?”

“चालतंय आपलं.”

“म्हणजे, अंदाजे?”

“पोरी, जेवलीस का?”

या मुक्कामापुढे अजून कुणी गेलेलं नाही. ‘उत्तरदात्याने मौन पाळले’ असं म्हणे प्रबंधात लिहितात. मौन कसलं, दोन भाकऱ्या आणि खर्डा वाढला होता!

हेच तात्या टॅक्सवाल्या साहेबापुढे बघावेत. तो संमतीपत्र आणत नाही, सोयीची वेळ विचारत नाही, आणि तात्याही त्याला मामाचं गाव विचारत नाहीत. “हां जी”, “नहीं जी”, “याद नहीं साहब”. आईची आठवण येत नाही, हुंदका येत नाही. सगळे आकडे मात्र फाइलीतून बाहेर येतात. त्या दिवशी विद्यार्थी आलाच तर त्याला जिन्यातूनच परत पाठवतात. साहेब गेल्यावर दोनेक दिवस तात्या कुणाशी धड बोलत नाहीत. मग पुन्हा एखादी घाबरी पोरगी कागद घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि तात्यांची कळी खुलते.

वर्षा-दोन वर्षांनी प्रबंधातलं प्रकरण येतं, इंग्रजीत. तात्या ते पुतण्याकडून वाचून घेतात. करोल बागेचं नाव गाळून ‘उत्तर भारतातील एक बाजारपेठ’ केलेलं, आणि तात्या झालेले ‘उत्तरदाता क्रमांक 7’. दुष्काळ आहे, ट्रंक आहे. तात्या तडक फोन लावतात.

“माझं नाव कुठाय?”

“काका, गोपनीयता असते. तुमच्याच भल्यासाठी.”

“मग मी येवढा बोललो कशाला? नाव घाल, दुकानाचं बी घाल. आन् मेट्रोतनं उतरल्यावर कुठं वळायचं, ते बी लिही.”