पाठीवर बिऱ्हाड, हातात विंचू

पाठीवर बोजा घेऊन निघालेल्या जोडप्यांचं थायलंड ठरलेलं असतं. आधी बँकॉकच्या खाओ सान रोडवर रात्री जागवायच्या, मग बस-बोट गाठून बेटावर ‘जगापासून लांब’ जायचं. खाओ सानवर काडीला टोचलेला तळलेला विंचू मिळतो. तो खाण्यापेक्षा फोटोत धरायचा असतो. विक्रेतेही बेरकी, काही जण नुसत्या फोटोचेही पैसे घेतात.

मग एकांत. त्यासाठी कोह फांगानच्या हाद रिन किनाऱ्यावर पौर्णिमेला हजारो एकांतप्रेमी जमतात आणि बादलीतून दारू पितात. ‘द बीच’ (२०००) सिनेमातला अस्पर्श किनारा बघायला तर माया बेवर एवढी झुंबड उडाली, की २०१८ मध्ये तो बंदच करावा लागला. माणसं हटली आणि शार्क परतले. २०२२ मध्ये किनारा पुन्हा उघडला. पोहायला मात्र बंदी. आता पावसाळ्यात त्याला दरवर्षी सुट्टी मिळते, आपल्यापासून.

तेव्हा अस्पर्श किनारा हवाच असेल, तर उपाय सोपा आहे आणि फुकटही: तुम्ही जाऊ नका.