मुलांशी खेळण्यांबद्दल कसे बोलावे: हुपरीकरांसाठी सोपी कृती

हुपरीकराला गिऱ्हाईक म्हणून फसवणे अवघड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले हे गाव देशभर चांदीचे पैंजण पाठवते. घराघरांत तार ओढली जाते, कड्या जुळतात, डाख लागतो, घुंगरू बसतात. टंच म्हणजे शुद्धता काय, घट किती, मजुरी किती, हे विचारल्याशिवाय इथे कुणी मालाला हात लावत नाही. अपवाद एकच, खेळणी. खेळण्यांच्या दुकानात शिरला की हाच चोख माणूस खोक्यावरचे चित्र बघून पैसे मोजून मोकळा होतो. अशा पालकांसाठी पुढील कृती तयार केली आहे.

साहित्य: मूल एक, वय चार ते दहा (त्याहून मोठे वापरल्यास तेच पालकांची शाळा घेते). कडक मतांची आजी एक. प्रत्येक वाढदिवसाला भाच्याला बंदूक आणि भाचीला भांडी आणणारा मामा एक. वजनकाटा घरात असतोच.

पायरी १. जागा निवडावी. पट्टणकोडोलीची बिरदेवाची यात्रा सर्वांत सोयीची. तिथे भंडाऱ्याने सगळेच पिवळे झालेले असतात, त्यामुळे गुलाबी कुणाचा आणि निळा कुणाचा हा प्रश्न तासभर तरी उद्भवत नाही. खेळण्यांच्या पालापाशी पोचल्यावर विक्रेता विचारेल, "पोरगं हाय का पोरगी?" पालकांनी शांतपणे सांगावे, "सहा वर्षांचं हाय." तो म्हणेल, "ते झालं, पण पोरगं का पोरगी?" पालकांनी पुन्हा वय सांगावे. तिसऱ्या खेपेला मागची गर्दी ओरडते आणि विक्रेता बंदूक व भांडी दोन्ही पुढे ठेवतो. संवादाचा पहिला टप्पा यशस्वी झाला असे समजावे.

पायरी २. उदाहरणे जिल्ह्यातलीच द्यावीत. बंदूक मुलांची, असे मामा म्हणाला तर त्याला तेजस्विनी सावंत सांगावी. कोल्हापूरची ही नेमबाज २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. मामा रायफलीवरून पिस्तुलावर आला तर राही सरनोबत आहे. तीही कोल्हापूरचीच आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण तिचे. मामाने स्वतः आजवर कशावर नेम धरला, हे मुलांसमोर विचारू नये. त्याला पुढच्या वर्षीही बोलवायचे असते.

भांडी मुलींची, असे आजी म्हणाली तर तिला गावातल्या लग्नाच्या मांडवामागे न्यावे. हजार माणसांचा रस्सा ढवळणारा आचारी मिशीवाला असतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. घरी भाजी निवडायची वेळ आली की मात्र पुरुषांना अचानक बाजारात काम निघते. त्यावर तोडगा म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बाबांनाही भाजी निवडायला बसवले. पुस्तकातले बाबा मधेच उठले नाहीत. घरातल्या बाबांनी निदान बसून दाखवावे.

पायरी ३. टंच काढावा. या पायरीत हुपरीच्या मुलांचा हात कुणी धरू शकणार नाही. नवे खेळणे खोक्यासकट काट्यावर ठेवावे. मग खोके, आतला पुठ्ठा, प्लास्टिकची खिडकी आणि बाहुलीला जखडणाऱ्या तारा काढून पुन्हा तोलावे. मधला फरक म्हणजे घट. पैंजणात एवढी घट निघाली असती तर व्यापाऱ्याला पेठेत उभे राहता आले नसते, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे मजुरीचा प्रश्न. तीच सायकल, तेवढ्याच चाकांची. एकीवर परीचे चित्र, दुसरीवर वाघाचे. परीमुळे सायकल धाकट्या भावाला चालत नाही, म्हणून घरात दुसरी येते. चित्राची मजुरी किती आणि दुसऱ्या सायकलीचा फायदा कुणाला, हा हिशेब मुलालाच मांडू द्यावा. जाता जाता आयएसआयचे चिन्ह शोधायला लावावे; १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. "आईबाबांना घ्यायला सांगा" असे मुलांना थेट चिथावणाऱ्या जाहिरातींनाही केंद्राच्या जून २०२२ च्या नियमांनी मनाई केली आहे. नियम कळल्यावर मूल जाहिरातीऐवजी स्वतःच्या जबाबदारीवर हट्ट करते.

पायरी ४. परदेशाचा दाखला बेताने द्यावा. मॅटेल कंपनीच्या बोलक्या बार्बीने १९९२ मध्ये गणिताचा तास अवघड असल्याची तक्रार केली. लोक खवळले आणि कंपनीला ते वाक्य काढावे लागले. टंचाचा हिशेब तोंडी करणाऱ्या हुपरीच्या बायकांनी त्या बाहुलीला दिवसभर कामाला बसवले असते. कॅलिफोर्नियात २०२४ पासून ५०० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मोठ्या दुकानांना मुला-मुलींचा भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवावा लागतो. हा कायदा हुपरीत लागू करता येणार नाही. इथल्या दुकानात मालक आणि मालकाचा भाचा मिळून दोनच.

पायरी ५. उलट प्रश्नांची तयारी ठेवावी. खरी अडचण इथे येते. मूल विचारते, "बाबा दिवसभर पैंजण करतात, मग घालत का नाहीत?" बारशाला मुलगा असो वा मुलगी, पायांत वाळे असतात, मुलाच्या पायांतले पुढे कधी उतरले ते कुणालाच आठवत नाही. "रीतच आहे" हे उत्तर देऊ नये, कारण पुढचा प्रश्न रीत बदलते का असा असतो. त्याचे उत्तर जवळच्या शिरोळ तालुक्यात आहे. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. जोडवी चांदीचीच, त्यामुळे विषय घरचाच निघतो.

त्यानंतरचा प्रश्न बहुधा मुलगी विचारते. सराफी दुकानांच्या पाट्यांवर वडिलांच्या नावापुढे 'अँड सन्स' असते, मग घुंगरू बसवणाऱ्या डॉटर्स कुठे गेल्या? यावर अद्याप समाधानकारक उत्तर उपलब्ध नाही. पेंटरला फोन करून नव्या पाटीचा दर विचारता येईल.

सूचना: ही कृती केलेले मूल काटा परत जागेवर ठेवत नाही. पुढच्या आठवड्यात ते बाबांच्या नव्या मोबाईलचे खोके तोलते, आईच्या सेलमधल्या चौथ्या कुर्त्याची मजुरी विचारते आणि जुना मोबाईल चालू होता की बंद, याची चौकशी करते. अशा वेळी लाइट गेल्याचा बहाणा चालत नाही. इन्व्हर्टरही पालकांनीच गेल्या दिवाळीत ऑफरमध्ये घेतलेला असतो.