शिर सलामत तो पगडी पंचेचाळीस

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर लिदो दि कामायोरे नावाचं गाव आहे. 4 मार्च 2024 रोजी तिथे तिरेनो-आद्रियातिको या सायकल शर्यतीची सुरुवात 10 किलोमीटरच्या टाइम ट्रायलने झाली. टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी झुंजायचं; पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, सगळं भांडण वाऱ्याशी. दोनदा तूर द फ्रान्स जिंकलेला डेन्मार्कचा योनास विंगेगार रॅम्पवरून खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या माणसांनी मोबाइल वर केले. गड्याने डोक्यावर आंघोळीचं घंगाळ उपडं घातलं होतं!

म्हणजे हेल्मेटच होतं ते. जिरो कंपनीचं, नवंकोरं, पुढून इतकं फुगलेलं की आत विंगेगार आहे की त्याचा भाऊ, हे नंबर बघून ठरवावं लागत होतं. त्याच्या अख्ख्या संघाने तेच घातलं होतं. जगभर हशा पिकला. हशा स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावापर्यंतही पोहोचला. तिथे यूसीआयचं, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय आहे. हे कार्यालय सहसा सावकाश हलतं. या वेळी दुसऱ्याच दिवशी पत्रक निघालं: हेल्मेटांच्या या वाढत्या प्रकाराबद्दल आम्हाला चिंता वाटते, नियमांचा फेरविचार करू.

अडचण एकच होती. घंगाळ नियमात बसत होतं. हेल्मेट किती मोठं असावं हे यूसीआयनेच लिहून ठेवलेलं: लांबी 450 मिलिमीटर, रुंदी 300, उंची 210. आपल्याकडे शिर सलामत तर पगड्या पन्नास मिळतात. एग्लच्या हिशेबात पगडी एकच, पण पंचेचाळीस सेंटिमीटरची चालत होती. दिलेली जागा कंपनीने इमानदारीने वापरली. बिल्डरने मंजूर एफएसआय पुरेपूर वापरला, तर नगररचना खात्याला तक्रार कशी करता येईल?

पण पत्रक काढलं म्हणजे कोणाचा तरी बळी द्यायला हवा. तो दिला स्पेशलाइज्ड कंपनीच्या दुसऱ्याच एका हेल्मेटाचा. त्याला आतून एक कापडी टोपरं जोडलेलं असे. कान, गाल आणि मान झाकणारं हे टोपरं इंग्रजीत डोक्याचा मोजा म्हणून ओळखलं जाई. ते अनावश्यक आहे, सबब 2 एप्रिलपासून बंद. घंगाळ सुटलं, मोजा पकडला गेला.

मोज्यांशी या संघटनेचं जुनं वाकडं आहे. वाऱ्याला गुळगुळीत पोटऱ्यांपेक्षा विशिष्ट विणीचं कापड जास्त मानवतं, हे ध्यानात आल्यावर सायकलपटूंचे पायमोजे गुडघ्याच्या दिशेने चढू लागले होते. मग नियम आला: घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर मोजा जाता कामा नये. 2019 मध्ये तो मोजण्यासाठी खास पट्टी निघाली. ताशी पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या, कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या माणसासमोर एक पंच उकिडवा बसून त्याची नडगी मोजतोय, हे दृश्य व्यावसायिक खेळात दुसरीकडे कुठे दिसणार?

हे सगळं का चालतं, ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण नुसतेच हसत बसू. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेचा हिशेब सावकारी आहे. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. ताशी 40 वरून 50 वर जायचं, तर जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. पाय दुप्पट करता येत नाहीत, म्हणून माणसं हवेला फसवायच्या मागे लागतात. त्यात सायकलीपेक्षा वर बसलेल्या देहाचा अडथळा कितीतरी मोठा, आणि देहात डोकं सगळ्यांत पुढे. पूर्वी हेल्मेटाला मागे लांब निमुळतं शेपूट असायचं. मान ताठ असेपर्यंत ते उत्तम; दमलेल्या गड्याने जरा खाली पाहिलं की शेपूट आकाशाकडे. म्हणून शेपूट आखडलं आणि पुढचा भाग फुगला, म्हणजे हवा डोक्यावरून येऊन खांद्यांच्या बाजूने निसटावी. विज्ञान अगदी बरोबर आहे. फक्त ते घालून आरशासमोर उभं राहू नये.

या वेडाचा आद्य दिवस 23 जुलै 1989. तूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लॉरां फिन्यों 50 सेकंदांनी पुढे. त्याने डोक्यावर काहीही घेतलं नव्हतं; सोनेरी केसांची शेंडी वाऱ्यावर. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ट्रायथलॉनवाल्यांचं, कोपर टेकवायचं हँडल लावून आणि डोक्यावर निमुळतं हेल्मेट चढवून आला. फिन्योंने शेंडी तुटो की पारंबी तुटो असा जोर लावला. दोन्ही शाबूत राहिल्या, तूर मात्र 8 सेकंदांनी गेली. तीन आठवडे, सव्वातीन हजार किलोमीटर, आणि फरक 8 सेकंदांचा! त्या दिवसापासून प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाला शेंडी दिसली की कात्री आठवते. फिन्योंला त्या वेळी बसण्याच्या जागी गळवं झाली होती, हे मात्र हेल्मेट विकणारे कधी सांगत नाहीत.

मग स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री आला. स्वतः जोडलेली सायकल, तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग, आणि बसायची तऱ्हा अशी की हात छातीखाली दुमडलेले, नाक पुढच्या चाकावर. 1993 मध्ये नॉर्वेतल्या हामारला त्याने तासाचा, म्हणजे एका तासात सर्वांत जास्त अंतर कापण्याचा विक्रम मोडला: 51.596 किलोमीटर. पाठीशी कंपनी नाही, विंड टनेल नाही. यूसीआयला याहून शुद्ध, याहून मानवी काय हवं होतं? पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत, शर्यतीच्या ऐन तोंडावर, त्याची बैठक बेकायदा ठरली. त्याने हात पुढे ताणायची नवी बैठक शोधली. तीही यथावकाश बाद. 1996 मध्ये लुगानोला सनदच झाली: यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ. त्या माणसाने बसायचं कसं, हे मात्र संघटना ठरवणार.

या सोवळ्याचा कळस 2000 सालचा. तासाचा विक्रम ज्याला करायचा असेल त्याने बेल्जियमच्या एडी मेर्क्सने 1972 मध्ये मेक्सिको सिटीत हा विक्रम करताना वापरली तसलीच सायकल घ्यावी, असं ठरलं. ब्रिटनचा ख्रिस बोर्डमन, ज्याने चार वर्षांपूर्वी हात पुढे ताणून तासात 56.375 किलोमीटर कापले होते, जुन्या धाटणीच्या सायकलवर चढला आणि 49.441 किलोमीटर गेला. मेर्क्सपेक्षा 10 मीटर जास्त. म्हणजे उरलेले सात किलोमीटर माणसाचे नव्हते, बैठकीचे आणि सामानाचे होते. इतकं स्वच्छ उत्तर हाती आल्यावर संघटनेने ते गुंडाळून ठेवलं. 2014 मध्ये नियम पुन्हा उलटा केला आणि आधुनिक सायकली आत घेतल्या. 2022 मध्ये इटलीचा फिलिप्पो गान्ना थ्री-डी छापील सायकलवरून 56.792 किलोमीटर गेला. तिच्या चौकटीवरचे उंचवटे कुबडी देवमाशाच्या परांवरून सुचलेले. देवमाशाला नियमावली लागू नसल्याने त्याची नडगी कोणी मोजली नाही.

माझा आपला साधा निष्कर्ष असा: या खेळात वेगवान वस्तूला सहसा बंदी येत नाही, हास्यास्पद दिसणाऱ्या वस्तूला येते. महागडी, आऱ्यांविना भरीव मागची चाकं वर्षानुवर्षं चालतात, कारण ती रुबाबदार दिसतात. ओब्री अवघडलेला दिसत होता, म्हणून गेला; घंगाळ तेवढं नियमात बसल्यामुळे सुटलं.

बरं, लिदो दि कामायोरेला जिंकलं कोण? स्पेनचा हुआन आयुसो. गान्नापेक्षा एका सेकंदाने पुढे. घंगाळवाला पहिल्या पाचातही नव्हता. पुढे आठवड्याभरात त्याने ती शर्यत जिंकली, पण डोंगर चढून, साध्या हेल्मेटात.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या रविवारच्या सायकलवीरांना एक विनंती. बोरघाट चढताना तुमचा वेग ताशी दहा-बारा असतो. त्या वेगाला हवा तुमची दखलही घेत नाही. तिथे तुमचं भांडण वजनाशी आहे, आणि त्यातलं बरंचसं वजन सायकलीचं नाही. तरीही सपाटीवर दोन मिनिटं वाचवायचीच असतील, तर कोपरं आत घ्या आणि खांदे खाली आणा. याला पैसे पडत नाहीत. पायाचे केस काढले तरी फायदा होतो, हे एका सायकल कंपनीने 2014 मध्ये स्वतःच्या विंड टनेलमध्ये मोजून सांगितलं आहे. वस्तरा कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. एवढं करून पैसे उरले तर हेल्मेट जरूर घ्या. फक्त डोक्याला बसतं का ते आधी पाहा.