चौदा डबे, चारशे पाहुणे

"अहो वहिनी, कुरडया नंतर उलटा, आधी इकडे कुंपणापाशी या. समोरच्या माईंचं ऐकलंत का? १६ एप्रिलला सगळ्यांना पन्ह्याला बोलावलंय. कारण काय, तर १८५३ साली बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्यात त्यांचे खापरपणजोबा बसले होते म्हणे!"

"बसले होते? मागच्या वर्षी तर रुळांशेजारी उभे होते!"

"तेच म्हणते मी! दरवर्षी थोडे पुढे सरकतात. आणखी दोन वर्षांत इंजिनात कोळसा टाकायला लागतील बघा. अहो, गाडी चौदा डब्यांची, पाहुणे चारशे. नुसत्या नौपाड्यातल्या लोकांचे पूर्वज बसवायचे म्हटले तरी निम्मे टपावर जातील."

"कोण कोण होतं हो खरं?"

"गव्हर्नरांच्या बाईसाहेब होत्या. गव्हर्नर फॉकलंड मात्र आदल्याच संध्याकाळी डोंगरावर हवा खायला गेले. बँड तेवढा मागे ठेवला."

"नवऱ्यांचं हे असंच. आमच्याकडे सत्यनारायण असला की यांना नेमकं ऑफिसात काम निघतं."

"आणि वार कोणता, माहितीये? शनिवार! आपण शनिवारी लोखंडाचा खिळा घरात आणत नाही, आणि साहेबानं अख्खी गाडी बाहेर काढली. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी."

"म्हणूनच २१ तोफा डागल्या असतील, काकू. साडेसाती घाबरून पळावी म्हणून."

"हे माईंना सांगू नका हं, पुढच्या वर्षी तोफेला बत्ती त्यांच्याच खापरपणजोबांनी दिलेली असेल. तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. त्यातल्या सुलतानाला यांच्या घरून हळदकुंकू गेलं, हे तर आत्ताच ठरलंय."

"पण मग आपल्या माणसांचं काहीच नाही का त्यात?"

"आहे की! नाना शंकरशेट. जमशेटजी जीजीभॉयांबरोबर १८४५ पासून या रेल्वेच्या मागे लागले होते. पुढे ही गाडी काढणाऱ्या जीआयपी रेल्वे कंपनीच्या संचालकांत बसले. त्यांचं नाव घ्या म्हटलं तर माई म्हणतात, ते सगळ्यांनाच माहिती आहे, त्यात काय सांगायचं! आणि जमशेटजींची हौस बघा, लगेच नंतर अख्खी गाडी स्वतःसाठी राखून घेतली आणि घरच्यांना ठाण्याला फिरवून नेलं. आपल्याला डोंबिवलीपर्यंत चौथी सीट मिळत नाही."

"आमचं माहेर कल्याणचं. तिकडे गाडी पोचली १८५४ ला. म्हणून आम्हाला पहिल्या गाडीची थाप मारायला वावच नाही. वर्षभर उशीर!"

"म्हणजे उशिराची परंपरा तेव्हापासूनची म्हणायची."

"मग जाणार ना माईंकडे?"

"जाणार तर! पन्हं कोण सोडतं? शिवाय मलाही सांगायचंय. ठाण्यात पाहुण्यांना तंबूत फराळ दिला ना, तो आमच्या सासरच्या घाण्यावरच्या तेलात तळला होता."

"शनिवारी तेल, काकू?"

"शुक्रवारीच नेलं होतं हो. पैसे मात्र अजून यायचेत."