दौंडला नेमकी कोणती विभक्ती?

शिरूरची एसटी दौंडला जाते आणि दौंडला थांबते. पुढारी पाच वर्षे दौंडला विसरतात, मग निवडणुकीत दौंडला आश्वासने देतात. ‘दौंडला’ची एक मात्राही कुठे हललेली नाही, तरी ते गाव एकदा जाण्याचे ठिकाण आहे, एकदा मुक्कामाचे, एकदा बिचारे कर्म आणि शेवटी लाभार्थी (निदान व्याकरणापुरते). शब्दाचे रूप ती विभक्ती, क्रियापदाशी त्याचे नाते ते कारक. पण परीक्षेची मार्गदर्शके द्वितीया म्हणजे कर्म, तृतीया म्हणजे करण असे घोकून घेतात. दौंड जंक्शनात एकाच फलाटावर मनमाडची गाडी लागते, सोलापूरचीही लागते. फलाट पाहून गाडी ओळखणाऱ्याला घरचे एकटे सोडत नाहीत. परीक्षेत मात्र त्यालाच गुण मिळतात. पाणिनीवर याचा ठपका ठेवता येत नाही. त्याने कारके पहिल्या अध्यायाच्या 4 थ्या पादात सांगितली आणि विभक्ती दुसऱ्याच्या 3 ऱ्या पादात. शिवाय विभक्ती 7 आणि कारके 6, तेव्हा जोड्या लावायला बसले तरी षष्ठी उरतेच. ‘शिरूरची एसटी’ यात शिरूरचे नाते एसटीशी आहे. ती जाते की बंद पडते, याच्याशी षष्ठीला कर्तव्य नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘दौंडला विसरतात’ ही द्वितीया, ‘दौंडला देतात’ ही चतुर्थी, विभक्तीच वेगळ्या. पण दोघींचे प्रत्यय स, ला, ते हेच. मग वेगळ्या कशावरून? अर्थावरून. आणि अर्थ कशावरून ठरवायचा? विभक्तीवरून! हा युक्तिवाद शिरूरहून निघून शिरूरलाच पोचतो, तिकीट मात्र दौंडचे फाडतो. मुलांना जोड्या सोप्या पडतात, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पडतात खऱ्या, पण नदी आडवी येईपर्यंतच. शिरूरची घोड भीमेला मिळते आणि ठेकेदाराला वाळूचा ठेका मिळतो. प्रत्यय तोच, क्रियापदही तेच. पण भीमा ही पोचायची जागा आणि ठेकेदार हा घेणारा. घोड नदीने भीमेला सर्वस्व दिले असे मानून कुणी संप्रदान (घेणाऱ्याचे कारक) लिहिले, तर त्याच्या कविमनाला दाद द्यावी, गुण देऊ नयेत. कारण देण्यासारखे नदीपाशी काही उरलेलेच नसते. दुसऱ्या वाक्यातल्या ठेकेदाराने पहिल्या वाक्यातली वाळू केव्हाच उचललेली असते.