दुपारी २५५, रात्री १९०

कुरुंदवाडातही आता गच्च्यांवर सोलर दिसू लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार असं अनुदान ठरलं आणि लोकांनी, प्रसंगी कर्ज काढून, पॅनेल बसवली. चांगलं झालं. शिरोळ तालुक्याला उन्हाची कधी ददात पडली नाही, तेव्हा ते ऊन बिलात वळतं होत असेल तर उत्तमच. माझी तक्रार पॅनेलबद्दल नाही. ती गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसवलेल्या डीपीबद्दल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरबद्दल, आहे. पॅनेल बसवायला येणारा माणूस छप्पर मोजतो, सावली कुठे पडते ते बघतो, वीजबिल मागतो, बँकेचं पासबुक मागतो. डीपीपासून तुमचं घर कितव्या खांबावर, तिथून येणारी तार किती जाड, तुम्ही कुठल्या फेजवर, हे कुणी विचारत नाही. पुढचा सगळा त्रास या न विचारलेल्या तीन प्रश्नांतून सुरू होतो.

आमचं घर त्या लाईनीवरचं शेवटचं. इन्व्हर्टर जिन्याखाली भिंतीला लावलेला आहे. मार्च-एप्रिलच्या लख्ख दुपारी साडेबाराच्या सुमाराला त्यातून ‘टक्’ असा आवाज येतो, हिरवा दिवा जाऊन लाल लागतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : ग्रिड ओव्हर व्होल्टेज. आकडा २५४, कधी २५६. मग तो थोडा वेळ थांबतो, लाईन तपासतो, पुन्हा ‘टक्’, हिरवा दिवा. पॅनेलची वीज बाहेर जाऊ लागते, व्होल्टेज चढतं, पुन्हा लाल. भर उन्हात, वीज सर्वांत जास्त तयार होते त्याच वेळेला हे चालू असतं. रविवारी जास्त, कारण दुकानं बंद असली की गल्लीत वीज वापरायला कोणी नसतं.

यात इन्व्हर्टरची चूक नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज ठरलेल्याच्या ११० टक्क्यांवर गेलं की त्याने दोन सेकंदांत लाईन सोडली पाहिजे, आणि लाईन ठीक झाल्यावर किमान साठ सेकंद थांबून मगच पुन्हा जोडून घेतलं पाहिजे. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. आता डीपीकडे बघा. आपल्याकडच्या अकरा केव्हीच्या डीपीची खालची बाजू ४३३ व्होल्टची असते, म्हणजे एका फेजला २५०. हा आकडा मुद्दाम चढा ठेवलेला आहे. वीज डीपीतून निघून घराघराकडे जाणार, वाटेत तारेत व्होल्टेज पडणार, तेव्हा निघतानाच थोडं जास्त दिलं की शेवटच्या घराला २३०च्या आसपास मिळेल, असा तो हिशेब. वीज एकाच दिशेने वाहत होती तोवर तो चोख होता. आता दुपारी वीज घरातून डीपीकडे उलटी जाते, आणि उलटी जाताना व्होल्टेज पडत नाही, चढतं. सुरुवातच २५० वर आणि मर्यादा २५३ वर, मधे जागा तीन व्होल्टची. नियमाने लघुदाब ग्राहकाला सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ एवढंच व्होल्टेज मिळायला हवं. हे २४४ आमच्या लाईनीने दुपारी अकरालाच ओलांडलेलं असतं.

यातली अन्यायाची गोष्ट पुढे आहे. वीज उलटी वाहते तेव्हा सर्वांत जास्त व्होल्टेज लाईनीच्या शेवटी चढतं. त्यामुळे पहिला बंद पडतो तो शेवटच्या घराचा इन्व्हर्टर. तो बंद पडला की लाईनीतला भार हलका होतो, व्होल्टेज दोन-तीन व्होल्टनी उतरतं आणि डीपीजवळच्यांचे इन्व्हर्टर दिवसभर बिनबोभाट चालतात. पॅनेल तेवढीच, अनुदान तेवढंच, कर्जाचा हप्ता तेवढाच. बिलावर मात्र फक्त बाहेर गेलेले युनिट छापले जातात. जे तयार होऊ शकले असते पण लाल दिव्यामुळे झाले नाहीत, त्यांची नोंद बिलात नाही, मीटरमध्ये नाही, कोणत्याही वहीत नाही. हे नुकसान कागदावर दिसत नसल्यामुळे ते झालं हे पटवून देणंच अवघड होतं.

रात्री हीच लाईन उलटं रूप दाखवते. आठच्या सुमाराला घरोघरी इंडक्शन शेगडी, मिक्सर, एसी, दारात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर. शेगडी दोन हजार वॅटची, दीड टनाचा एसी साधारण तेवढाच, स्कूटरचा चार्जर सहा-सातशे वॅटचा. ऊन गेलेलं असतं, म्हणून हा सगळा भार डीपीवर येतो आणि शेवटच्या घरात व्होल्टेज १९० वर उतरतं. पंखा रेंगाळतो. फ्रिजचा स्टॅबिलायझर दर दोन मिनिटांनी कटकट करतो. सकाळी नळाला पाणी आलं की घरोघरच्या मोटारी एकदम लागतात, तेव्हा आमची मोटार नुसती घुमते, पाणी वर चढवत नाही, आणि जास्त वेळ घुमू दिली तर वाइंडिंग जळतं. मशिदीत गणपती बसवण्याची रीत सांभाळणाऱ्या या गावात उत्सवाच्या दहा दिवसांतली रोषणाई हवीच, तिच्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पण तो भारही याच डीपीवर पडतो आणि त्याचा विचार आधी करायचा असतो.

आता फेजचं. डीपीतून तीन फेज निघतात आणि घरं तिन्हींवर सारखी वाटलेली असावीत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात लोडशेडिंगच्या काळात ज्या फेजला वीज टिकायची त्या फेजवर लोकांनी सर्व्हिस वायर सरकवून घेतल्या, पुढे त्या तशाच राहिल्या. नवीन घर बांधलं की वायरमन शिडी लावून हाताला येईल त्या तारेवर जोडून मोकळा होतो. त्यात सोलर आलं, तेही बहुतेक सिंगल फेज. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत अशी तरतूद आहे की एका डीपीवर छतावरच्या सोलरची एकूण क्षमता त्या डीपीच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत असावी, त्यापलीकडे जायचं तर भाराचा सविस्तर अभ्यास करावा. नियम योग्य आहे. पण शंभर केव्हीएचा डीपी धरा. ७० टक्के म्हणजे तीन किलोवॅटची तेवीस घरं. त्यातली चौदा एकाच फेजवर असली तर त्या फेजवर ४२ किलोवॅट होतात, आणि तिचा वाटा आहे जेमतेम ३३. कागदावर डीपी मर्यादेत, खांबावर मात्र एक फेज तुडुंब आणि शेजारची रिकामी. म्हणूनच दुपारी आमच्याकडे २५५ असताना समोरच्या घरात २३२ असतात. उपाय काय, तर गल्लीतली चार-पाच घरं एका फेजवरून दुसरीवर घेणं. वायर तीच, खांब तोच, शटडाउन घेऊन केलं तर एका सकाळचं काम. त्यासाठी निधी लागत नाही, टेंडर लागत नाही. उत्तर मिळतं, वरून ऑर्डर आली पाहिजे.

शटडाउनवरून आठवलं. देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती सकाळी दहापासून दुपारपर्यंत, आणि पावसाळ्याआधीची कामं एप्रिल-मेमध्ये. लाईन बंद असली की छतावरचं सोलरही बंद राहतं, कारण आपल्या पॅनेलची वीज उलटी जाऊन खांबावरच्या माणसाला धक्का बसू नये. हा नियम एका अक्षरानेही बदलू नये असं माझं मत आहे. पण वर्षातलं सर्वांत कडक ऊन असताना, दिवसातल्या सर्वांत कडक उन्हाच्या वेळी, एका खांबाच्या कामासाठी पूर्ण फीडर बंद करण्याची गरज नाही. जिथे काम आहे तेवढा तुकडा तोडणारे स्विच लाईनीवर असतात. ते गंजले असतील तर बदलून घ्यावेत.

आणि महापूर. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या कुशीतलं हे गाव, २००५, २०१९, २०२१ हे आकडे इथे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. पाणी वाढलं की सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावाच लागतो, डीपीला पाणी लागल्यावर दुसरा पर्याय नसतो. अशा वेळी गच्चीवर तीन किलोवॅट असूनही मोबाईल चार्ज होत नाही, कारण लाईन नाही तर सोलर नाही. बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर घरापुरती वीज मिळते, पण बॅटरी महाग आणि अनुदान मोजलं जातं पॅनेलच्या किलोवॅटवर. प्रत्येक घराला बॅटरी द्या असं मी म्हणत नाही. ज्या शाळांत आणि मंगल कार्यालयांत पूरग्रस्तांची सोय होते, तिथल्या सोलरला तरी बॅटरी असावी. तिथे लहान मुलं असतात, इन्सुलिन थंड ठेवावं लागणारे म्हातारे असतात. हे आत्ता, पाणी नसताना करायचं काम आहे.

शेतीच्या बाबतीत वेळेचा विचार झाला, तो भांडून झाला. रात्री-अपरात्री, पायाखाली साप असताना उसाला पाणी पाजावं लागू नये म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात दिवसा विजेसाठी धरणं धरलं. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून राज्यभर १६ हजार मेगावॅटचे प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायचं ठरलं आहे. पंप उन्हाच्या वेळी चालले तर उन्हाची वीज जागच्या जागी खपते. गावठाणात हा विचार अजून पुरता पोचलेला नाही. नळपाण्याचा उपसा दुपारी व्हावा, पिठाची गिरणी दुपारी चालावी, स्कूटर दुपारी चार्ज व्हावी यासाठी पुरेशी सवलत हवी, आणि ती लोकांना समजेल अशा भाषेत बिलावर छापलेली हवी.

ऑस्ट्रेलियात साधारण दर तिसऱ्या घरावर सोलर आहे, त्यांनाही हाच त्रास झाला. तिथे नव्या इन्व्हर्टरला सेटिंग सक्तीचं केलं : व्होल्टेज चढू लागलं की एकदम बंद पडायचं नाही, वीज थोडी थोडी कमी करायची. शिवाय सगळ्यांनी थोडी थोडी कमी केली तर शेवटच्या घरावर सगळा भार येत नाही. इथे विकल्या जाणाऱ्या अनेक इन्व्हर्टरमध्येही ही सोय असते, ती चालू करून घ्यायला कोणी सांगत नाही. दोनशे केव्हीए आणि त्याहून मोठ्या डीपीला सहसा टॅप असतात, ते एक पायरी खाली घेतले तर सुरुवातीचे २५० कमी होतात. मात्र रात्री तेवढंच व्होल्टेज आणखी पडेल, म्हणून तार जाड करणं आणि फेज सारख्या करणं आधी. कुठल्या डीपीवर काय करायचं हे कळायला मोजमाप हवं, आणि ते मुळात होतच आहे. २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत डीपींवर मीटर बसवण्याची तरतूद आहे, नव्या स्मार्ट मीटरमध्ये दिवसभराचं व्होल्टेज नोंदलं जातं. ती नोंद वीजचोरी आणि गळती शोधायला वापरतात. दुपारी एकला आणि रात्री आठला शेवटच्या घरात किती व्होल्ट आहेत, हे त्याच नोंदीतून एका क्लिकवर निघेल. तेवढं दर महिन्याला काढून संबंधित वायरमनच्या हातात द्यावं, एवढीच मागणी आहे.

ही मागणी लेखी दिली तेव्हा तोंडी उत्तर मिळालं, “बाकी कुणाची तक्रार नाही, तुमच्या एकट्याचाच प्रॉब्लेम दिसतोय.” मागच्या आळीत दुसऱ्या डीपीच्या लाईनीवरचं शेवटचं घर आहे. तिथल्या काकांनाही अगदी याच शब्दांत हेच सांगितलेलं आहे.